शिंगाळ्याचा काटा

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

चौतीस वर्षं रोज पाठाचं टाचण लिहिलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी हाताची खोड जात नाही. आमच्या हेडबाई म्हणायच्या, कॅथरीनबाईंच्या टाचणात एक ओळ खोटी सापडायची नाही. तोच नियम या वहीलाही.

आज उपवासकाळातला पहिला शुक्रवार. मांस बंद. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून आमच्या सूनबाईंच्या भावाने, आग्नेलने, टोपलीभर शिंगाळे पाठवले. मागोमाग सूनबाईंचा फोन. स्टेफी बोळिंजच्या पतपेढीत कामाला आहे, सातच्या आत घरी येत नाही. म्हणे, "आई, शिंगाळ्यांना कुणी हात लावू नका. मी येते, मग मीच कापते."

घर माझं, स्वयंपाकघर माझं, आणि हात लावायचा नाही तो मीच! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ही बाई मागच्या पायरीवर कोयता घेऊन मासळी कापायला बसली होती. गुडघ्यापर्यंत साडी, आणि शेजारच्या क्लेटनची आई कुंपणावरून बघतेय. तेव्हाच सांगितलं होतं, आमचं घर बागायतदारांचं आणि मास्तरांचं आहे, हे बंदर नव्हे, या घरात तू मासळी कापायची नाहीस. दोन वर्षं तिने ते पाळलं. आज पुन्हा अक्कल शिकवायला लागली.

माझा मुलगा डेन्झिल कंपनीतून लवकर आला होता. त्यालाच विळीवर बसवलं. तिसऱ्या शिंगाळ्याचा काटा उजव्या हाताच्या पहिल्या बोटात हाडापर्यंत गेला. चौतीस वर्षांचा घोडा, पण असा ओरडला की अंगणातली कोंबडी उडाली. हळद दाबली.

स्टेफी आल्यावर बोट बघून एवढंच म्हणाली, "काटे आधी मोडले नव्हते?" मी म्हटलं, तेवढं आम्हालाही कळतं. खरं लिहायचं तर मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे मासळी बाजारातून कापूनच यायची.

शिंगाळ्याचं आंबट कालवण मात्र छान झालं होतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

डेन्झिलचं बोट जांभळं पडलंय, पहिल्या पेरापासून खालपर्यंत. पू नाही, पण ठणका इतका की रात्री झोप नाही. स्टेफीने सकाळपासून डॉक्टरचा धोशा लावलाय. पतपेढीत पासबुकं भरणारी बाई, पण बोलायला बसली की सिव्हिल सर्जन.

डिसेंबरात माझी दाढ काढली तेव्हाच्या सात कॅप्सूल कपाटात उरल्या होत्या. मला त्यांनी दोन दिवसांत आराम पडला होता. पाकिटावरचं नाव उतरवून ठेवते: अमॉक्सिसिलिन ५००. सातही पाकिटातून काढून वाटीत ठेवल्या, म्हणजे नाव वाचून कुणी वकिली करायला नको. डेन्झिलला सांगितलं, दुखण्याच्या आहेत, जेवणानंतर घे. आईने दिलेलं तो कधी विचारत नाही. लहानपणापासून गुणी.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सूज उतरली. सुंठेवाचून खोकला गेला. स्टेफीला बोट दाखवून म्हटलं, बघ, लागला का डॉक्टर? हल्ली ती मला उत्तरच देत नाही. तेही एक उत्तरच असतं म्हणा.

१९ मार्च, मंगळवार

आठ-दहा दिवस डेन्झिलला संध्याकाळचा ताप येतोय. सकाळी ठीक, पाच वाजले की अंग कोमट. कंपनीत पॅनेल बोर्डाच्या वायरी जोडायचं काम, दिवसभर उभं राहायचं, त्यात जेवण वेळेवर नाही. मी स्टेफीला म्हटलं, नवऱ्याला डब्यात काय देतेस ते बघ जरा.

३१ मार्च, ईस्टर

चर्चमध्ये मिस्सेला डेन्झिल अर्ध्यातच खाली बसला. धाप लागली म्हणाला. माझी मुलगी सँड्रा एव्हरशाईनहून आली होती, तिनेही बघितलं आणि म्हणाली, दादा खूप बारीक झालाय.

सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता डॉक्टरकडे जायचंच. पण सणाचे दिवस, डॉक्टर वॉल्टर गावाला. तोवर मी नाक्यावरच्या मेडिकलमधून त्याच कॅप्सूल आणल्या. मागच्या खेपेला गुण आला होता, मग पुन्हा का येणार नाही? चिठ्ठीबिठ्ठी काही विचारलं नाही पोराने, नाव सांगितलं आणि दिल्या.

७ एप्रिल, रविवार

ताप तीन दिवस पळाला होता, आज परत. आता छातीतही दुखतं. आडवा झाला की जास्त, पुढे वाकून बसला की कमी. शेवटची कॅप्सूल सकाळी दिली. उद्या नर्सिंग होम.

८ एप्रिल, सोमवार

भरती केलं. डॉक्टर वॉल्टरनी छातीचा फोटो काढला. हृदयाभोवती एक पिशवी असते म्हणे, तिच्यात पाणी भरलंय. हृदयाला हलायला जागाच नाही.

भरतीचा फॉर्म मी भरला. स्टेफीला काय माहीत असणार? डेन्झिल सहा वर्षांचा असताना त्याला ताप आला होता, कंपाउंडरने पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि पोर तिथेच बेशुद्ध पडलं, अंगावर पुरळ. तेव्हापासून शाळेच्या फॉर्मपासून कंपनीच्या फॉर्मपर्यंत मी हे लिहीत आलेय: पेनिसिलिन चालत नाही. आजही फाइलवर लाल शाईने लिहायला लावलं. नर्स म्हणाली, बरं झालं सांगितलंत. आई असायला लागते त्याला.

डॉक्टरांनी विचारलं, आधी काही अँटिबायोटिक घेतलं का? मी म्हटलं, नाही. दाढेच्या उरल्यासुरल्या कॅप्सूल म्हणजे काय औषध झालं?

११ एप्रिल, गुरुवार

सुई घालून पिशवीतलं पाणी काढलं. गढूळ, पिवळं. बाटलीत ठेवून जंतू वाढतो का बघितलं. काहीच वाढलं नाही. रक्तातही काही नाही. डॉक्टर वॉल्टर म्हणाले, आपल्याकडे हृदयाभोवती असं पाणी झालं आणि कारण सापडलं नाही की दहातल्या सात वेळा टीबीच निघतो. टीबीची औषधं सुरू.

टीबी! आमच्या घरात! माझ्या नवऱ्याच्या, सेबेस्टियनच्या, आणि माझ्या दोन्ही बाजूंना सात पिढ्यांत कुणाला नाही. पाचूबंदरची ती चिकटून चिकटून बांधलेली घरं. लग्नात हिचा एक काका सारखा खोकत होता, मला चांगलं आठवतंय. मी सँड्राला सांगितलं. सँड्राने आणखी कुणाला सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

१४ एप्रिल, रविवार

विहीणबाई अँजेलिना बघायला आल्या. डोक्यावर टोपली नव्हती एवढंच. डेन्झिलच्या उशाशी बसून त्याचा हात हातात घेतला, बोट निरखून बघितलं आणि मला म्हणाल्या, "विहीनबाय, आमी शिंगाल्याचा काटा आदी मोडतो, मंग विली लावतो. तो लई वंगाल. माज्या सासऱ्याचा हात गेला त्याच्यात. हे डाक्टरला सांगितलं का?"

मी म्हटलं, अहो दोन महिने झाले त्याला, बोट बरं पण झालं. आता हृदयाचं चाललंय. बोट कुठे, हृदय कुठे! त्यांनी मान हलवली आणि डेन्झिलचं पांघरूण सारखं केलं. या लोकांचं सगळं आजारपण समुद्रातून सुरू होतं आणि समुद्रात संपतं.

२७ एप्रिल, शनिवार

टीबीच्या औषधाने आधी चार दिवस बरं वाटलं, आता पहिल्यापेक्षा वाईट. पिशवी पुन्हा भरली. पाय सुजलेत. जेवण दोन घास. स्टेफीने पतपेढीतून बिनपगारी रजा घेतलीय आणि रोज हॉस्पिटलात तीच झोपते. मी म्हटलं, मी थांबते. ती म्हणाली, आई, तुमचे गुडघे. बोलताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

आज तिने मला न विचारता ठरवलं की मुंबईला हलवायचं. ॲम्ब्युलन्सशी बोलून मोकळी. कानामागून आली आणि तिखट झाली.

३ मे, शुक्रवार

मुंबईचं हॉस्पिटल. सगळीकडे काच. डॉक्टरीण अमिषा म्हणून आहेत, जंतूंच्याच डॉक्टर, सँड्राच्या वयाच्या. तासभर बसून विचारपूस केली. घरात डुकरं आहेत का, गाई-बकऱ्या आहेत का, कच्चं दूध, मांजर, जखम. असं कुणी विचारलंच नव्हतं इतक्या दिवसांत.

स्टेफी लगेच म्हणाली, "फेब्रुवारीत शिंगाळ्याचा काटा लागला होता. बोट आठवडाभर सुजलं होतं." डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं, दोनदा खाली रेघ मारली. मग विचारलं, तेव्हा काय औषध दिलं? स्टेफी माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, हळद.

जीभ फिरलीच नाही दुसरीकडे. आणि आता तेवढ्याने काय फरक पडणार होता?

नुसत्या पिशवीत नाही, हृदयाच्या आतल्या एका झडपेवरही जंतूंचा गोळा बसलाय असं आज कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे मला टीबीसारखं दिसत नाही. पण बाटलीत काही वाढत नाही, म्हणजे बहुतेक कुणीतरी मध्येच अँटिबायोटिक देऊन ठेवलंय. अर्धवट मारलेला जंतू बाटलीत वाढत नाही आणि शरीरातून जातही नाही.

वसईच्या नर्सिंग होममध्येच काहीतरी दिलं असणार.

६ मे, सोमवार

आज डॉक्टरीणबाईंनी नवीन तपासणी समजावून सांगितली. पिशवीतलं पाणी पाठवलंय. त्यात जंतू मेलेला असला तरी त्याच्या जनुकांचा धागा उरतो. एक तुकडा असा असतो की तो प्रत्येक जातीच्या जंतूत थोडा वेगळा. तो यंत्राने अक्षर-अक्षर वाचायचा आणि जगातल्या सगळ्या जंतूंच्या यादीशी ताडून बघायचा. मी म्हटलं, म्हणजे पोरगा गैरहजर, पण हजेरीपटात नाव आहे. त्या हसल्या, म्हणाल्या, तुम्ही बाई होतात ना शाळेत?

आठवडा लागेल. तोवर अंदाजाने दोन औषधं सलाइनमधून. पेनिसिलिन आणि त्याची भावंडं सोडून, कारण फाइलवर लाल शाई आहे. नाहीतर त्यातलंच काहीतरी पहिल्या दिवशी दिलं असतं, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या.

डेन्झिल बहुतेक वेळ ग्लानीत असतो. आज डोळे उघडले आणि विचारलं, स्टेफी जेवली का?

१३ मे, सोमवार

नाव सापडलं. लांबलचक नाव आहे, मी दोनदा विचारून कागदावर लिहून घेतलं तरी वाचताना जीभ अडखळते. मासळीच्या अंगावर असतो हा जंतू, डुकरांतही असतो. कोळ्यांना, खाटकांना काटा-सुरी लागून होतो. बहुतेकांचं बोटावरच भागतं, हजारात एखाद्याच्या हृदयापर्यंत जातो. इतका दुर्मीळ की डॉक्टरीणबाईंनी स्वतः आजवर एकच रोगी बघितलाय.

म्हणजे पाचूबंदरच्या टोपलीतूनच आला की नाही? मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होते! आधी क्लेटनच्या आईला फोन करून सांगितलं, मग सँड्राला. स्टेफी दाराशी उभी होती. ऐकलं असेल तर ऐकू दे.

आता पुढचं. ते लिहायला हात उठत नाही, पण नियम तो नियम.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. म्हणाल्या, आठ दिवस चाललेल्या दोन औषधांतलं मुख्य औषध या जंतूला लागूच पडत नाही. त्याच्यावर सगळ्यात चांगलं औषध म्हणजे साधं, जुनं, स्वस्तातलं पेनिसिलिन. पण फाइलवर तसं लिहिलंय. चाचणी करून थेंबाथेंबाने देता येतं, पण त्याचा रक्तदाब आज एवढा खाली आहे की रिॲक्शन आली तर तो सोसणार नाही. दुसरं एक औषध सुरू केलंय, त्याची तेवढी खात्री नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, नीट आठवून सांगा. लहानपणीच्या त्या इंजेक्शननंतर त्याने कधी पेनिसिलिनच्या कुटुंबातलं काही घेतलंय का? अमॉक्सिसिलिन वगैरे? घेतलं असेल आणि काही झालं नसेल, तर मी आत्ता पाच मिनिटांत सुरू करते."

अमॉक्सिसिलिन. पाकिटावरचं नाव. फेब्रुवारीत सात, मग एप्रिलमध्ये आठवडाभर. अंगावर एक पुरळ नाही, एक शिंक नाही.

स्टेफी माझ्याकडे बघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा इतकं सरळ.

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

१४ मे, मंगळवार

अंघोळीला घरी आले. वही काढून २० फेब्रुवारीचं पान वाचलं. स्वच्छ अक्षर. अमॉक्सिसिलिन ५००.

काल का बोलले नाही ते नीट लिहिते. बोलले असते तर सगळंच उलगडलं असतं. की बाटलीत जंतू वाढला नाही तो माझ्यामुळे. की टीबीची फुकट औषधं गिळली ती माझ्यामुळे. की पेनिसिलिन चालत नाही ही माझीच आरोळी, आणि ते मी स्वतःच वाटीत घालून दिलं. हे सगळं तिच्यासमोर. जिला मी विळीला हात लावू दिला नाही तिच्यासमोर.

आणि दुसरं औषध चालू आहेच ना. डॉक्टरीणबाई खात्री नाही म्हणाल्या, लागू पडणारच नाही असं कुठे म्हणाल्या?

सकाळी चर्चला गेले होते. फादर पापनिवेदनाला बसलेले दिसले. चार जणी रांगेत होत्या. मी मागच्या बाकावर बसून रोझरी म्हटली आणि निघाले. फादरांना सांगून डेन्झिलच्या शिरेत औषध थोडंच जाणार होतं? सांगायचं होतं ते कुणाला, हे मला कळत होतं.

उद्या सकाळी सांगेन. डॉक्टरीणबाईंना एकटीला गाठून. स्टेफी चहाला खाली जाते तेव्हा.

१५ मे, बुधवार

साडेअकराला पोचले. डॉक्टरीणबाई दुसऱ्या वॉर्डात होत्या. मी बाकावर बसून राहिले. स्टेफी चहाला गेली, परत आली. मी बसूनच.

दुपारी भेटीच्या वेळेला डेन्झिल स्टेफीशी बोलत होता. पाणी मागितलं. तिने पेला दिला तो त्याच्या उजव्या हातातून गळून पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काहीतरी बोलला, त्याला शब्द म्हणता येणार नाही.

झडपेवरच्या गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता.

मग मी धावले. त्रेसष्टाव्या वर्षी, या गुडघ्यांनी. डॉक्टरीणबाईंना कॉरिडॉरमध्येच गाठलं आणि पिशवीतून ही वही काढली. सोबत कशाला घेतली होती? तोंडाने सांगवणार नाही हे मला घरातून निघतानाच माहीत असावं. २० फेब्रुवारी, ३१ मार्च, ७ एप्रिल, तिन्ही पानं उघडून दाखवली. त्यांनी वाचलं. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोनवर नर्सला एवढंच म्हणाल्या, पेनिसिलिन सुरू करा, मी येतेय. जाताना वही स्टेफीच्या हातात गेली, कारण ती माझ्या मागेच उभी होती.

तिने तिथेच उभ्या उभ्या वाचलं. तीन पानंच नव्हे. सोळा तारखेचं वाचलं. टीबीचं वाचलं, काकाचं वाचलं. अँजेलिनाबाईंच्या डोक्यावरच्या टोपलीचं वाचलं. कालचंही वाचलं. मी तिच्या हातातून वही ओढली नाही. तेवढी तरी लाज उरली होती.

वाचून झाल्यावर तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "मी त्याला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. जमेल तेव्हा, पण तुम्हीच."

१६ मे, गुरुवार

ताप उतरला. एका दिवसात. महिनाभर न हटलेला ताप.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, सोमवारी सुरू केलं असतं तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित तरीही झालं असतं. औषध सुरू झाल्यावरही पहिले काही दिवस गोळा तुटू शकतो.

कदाचित. हा शब्द मी दिवसभर धरून बसलेय.

९ जून, रविवार

इंजेक्शनं चालू आहेत, सहा आठवड्यांचा कोर्स. हृदय सुधारतंय. बोलणं नव्वद टक्के परत आलं. उजवा हात खांद्यापासून हलतो, पण बोटं मिटत नाहीत. कंपनीच्या साहेबांचा माणूस येऊन गेला, चांगलं बोलला, फळं दिली. वायरी जोडायचं काम आता नाही हे न बोलताच कळलं.

तीन वेळा डेन्झिलजवळ एकटी होते. पहिल्या वेळी तो थकलेला होता. दुसऱ्या वेळी नर्स येत-जात होती. तिसऱ्या वेळी काहीच अडचण नव्हती. मी त्याला मोसंबं सोलून दिलं.

२८ जून, शुक्रवार

हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली. स्टेफीने नायगावला लिफ्ट असलेल्या इमारतीत खोली भाड्याने घेतलीय. म्हणे रोज व्यायामाचं सेंटर तिथून जवळ. आग्नेल टेम्पो घेऊन सामान न्यायला आला. मला म्हणाला, बाय, टोपली मीच पाठवलेली, मला माफ करा. हात जोडले त्याने. चर्चच्या दारात लोक त्याच्याशी नीट बोलत नाहीत असं कानावर आलंय. मी कुणाकुणाला फोन केले होते ते मला ठाऊक आहे.

त्याला म्हटलं, असू दे रे, देवाची मर्जी.

स्टेफी तेव्हा टेम्पोत गादी चढवत होती. थांबली नाही.

७ जुलै, रविवार

दोघं पहिल्यांदाच जेवायला आली. सँड्राला आणि जावयालाही बोलावलं होतं. सकाळी अँजेलिनाबाईंनी मासळी पाठवली. साफ केलेली, काटे मोडलेले, वर बर्फ. एक शब्द निरोप नाही.

जेवताना डेन्झिल डाव्या हाताने चमचा धरून बसला होता. मासळीतले काटे स्टेफी काढून त्याच्या ताटात ठेवत होती. मध्येच तो थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, अजून थोडं जड जिभेने म्हणाला, "आज मी इथे बसलोय ते आईमुळे. डॉक्टर सगळे थकले होते. पेनिसिलिन मला चालतं हे हिच्या वहीत सापडलं. स्टेफीनेच सांगितलं मला."

सँड्राच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई म्हणाला, आई, कमाल आहे तुमची.

मी स्टेफीकडे बघितलं. तिने खोटं सांगितलं नव्हतं. जेवढं खरं त्याला सोसवेल तेवढंच सांगितलं होतं आणि उरलेलं माझ्यासाठी तसंच ठेवलं होतं. ती काट्यांकडे बघत होती. तिचा हात थांबला. डेन्झिल माझ्याकडे बघून हसत होता, अर्ध्या ओठाने. बोलायला याहून चांगली वेळ देवसुद्धा देत नाही.

मी म्हटलं, भात घे अजून.

स्टेफीने पुढचा काटा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.